रिकाम्या जागांचाही हिशेब द्या

मा. ओम बिर्ला,
अध्यक्ष, लोकसभा, नवी दिल्ली



१० फेब्रुवारी २०२४ रोजी १७व्या लोकसभेची शेवटची बैठक झाली. त्या दिवशी आपण पाच वर्षांच्या कामाचा गोषवारा सभागृहापुढे ठेवलात : २७४ बैठका, २२२ विधेयके, ९७ टक्के कामकाज. त्या गोषवाऱ्यात एक आकडा नव्हता. पुण्याला खासदार नसल्याला त्या दिवशी ३१८ दिवस झाले होते. पुढे निवडणूक होऊन ४ जून २०२४ रोजी निकाल लागला, तोवर हा आकडा ४३३ वर गेला. मी पुण्याचा मतदार आहे. माझ्यासारखे आणखी वीस लाखांच्या आसपास मतदार या मतदारसंघात आहेत. त्या ४३३ दिवसांबद्दल आम्हाला आजवर कोणीही काही सांगितलेले नाही, म्हणून हे पत्र.

आरंभीच एक स्पष्ट करतो. पोटनिवडणूक जाहीर करणे आपल्या हातात नाही, ते काम निवडणूक आयोगाचे आहे, हे मला ठाऊक आहे. पण जागा रिकामी झाल्याची अधिसूचना आपल्या सचिवालयातून निघते, राजीनामा आपण स्वीकारता, अपात्र ठरलेल्याचे नाव आपल्याकडच्या यादीतून वगळले जाते. त्यामुळे रिकाम्या जागेबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तर तो आपल्यालाच विचारावा लागतो. शिवाय १७व्या लोकसभेचे अध्यक्ष आपण होतात आणि १८व्या लोकसभेनेही आपल्यालाच निवडले. मागचे सभागृह आणि आताचे सभागृह यांना जोडणारा दुवा आपण आहात.

पाच वर्षांत लोकसभा तीच राहत नाही, हे आम्हाला समजते. माणसे जातात, राजीनामे देतात, मुख्यमंत्री होतात, न्यायालयात दोषी ठरतात, क्वचित सभागृहच एखाद्याला काढून टाकते. मे २०१९मध्ये निवडून आलेले ५४२ जण आणि फेब्रुवारी २०२४मध्ये निरोप घेणारे सदस्य यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर किती नावे बदलली ते दिसेल. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मधल्या पोकळीबद्दल. एक नाव गेल्यापासून दुसरे येईपर्यंत किती दिवस जावेत, याला आपल्या देशात काही नेम उरलेला नाही.

कायदा मात्र आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १५१-अ सांगते की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक झाली पाहिजे. अपवाद दोनच. रिकाम्या झालेल्या जागेची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर, किंवा ठरल्या काळात निवडणूक घेणे अवघड आहे असे आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केले तर. पुण्याचे घोडे अडले ते या दुसऱ्या अपवादापाशी.

२९ मार्च २०२३ हा दिवस आठवून पाहा. त्या दिवशी पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचे निधन झाले. त्याच दिवशी निवडणूक आयोगाने कर्नाटक विधानसभेचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्यासोबत जालंधर लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूकही लावली. जालंधरचे खासदार संतोखसिंह चौधरी जानेवारीत वारले होते. १० मे रोजी तिथे मतदान झाले, म्हणजे ११६ दिवसांत. आणि त्याच २९ मार्चला आपल्या सचिवालयाने लक्षद्वीपचे खासदार मोहम्मद फैजल यांचे सदस्यत्व परत बहाल केले. एकाच दिवशी एक जागा रिकामी झाली, एक भरायची ठरली आणि एक परत भरली. यंत्रणा जागी होती, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

मग पुण्याचे काय झाले? १७व्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४पर्यंत होती. बापट गेले तेव्हा ४४५ दिवस शिल्लक होते. एक वर्षाचा अपवाद इथे लागूच होत नव्हता. आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये दुसऱ्या अपवादाचा आधार घेतला आणि निवडणूक घेणे अवघड असल्याचे प्रमाणपत्र दिले. कारणे दोन : सारी यंत्रणा २०२४च्या लोकसभा निवडणुकीच्या तयारीत आहे, आणि आता निवडून येणाऱ्याला जेमतेम काही महिने मिळतील.

ही कारणे तपासून घेण्यासारखी आहेत. केरळचे माजी मुख्यमंत्री ओमन चंडी १८ जुलै २०२३ रोजी वारले. त्यांच्या पुदुपल्ली विधानसभा मतदारसंघात ५ सप्टेंबरला पोटनिवडणूक झाली, ४९ दिवसांत. त्याच दिवशी देशात आणखी सहा विधानसभा मतदारसंघांत मतदान झाले. पुण्याची जागा या चंडींच्या जागेआधी साडेतीन महिन्यांपासून रिकामी होती. यंत्रणा व्यग्र होती हे खरे धरले, तरी ती पुण्यापुरतीच का व्यग्र होती? राहिले दुसरे कारण. मुदत थोडी उरली, कारण निवडणूक लांबवली. सहा महिन्यांच्या अखेरच्या दिवशी जरी मतदान घेतले असते, तरी नव्या खासदाराला साडेआठ महिन्यांच्या आसपास मिळाले असते. हिवाळी अधिवेशन आणि त्यानंतरचे अर्थसंकल्पी अधिवेशन, दोन्ही त्यात आली असती. आपणच उशीर करायचा आणि मग उशीर झाला म्हणून काम टाळायचे, हा युक्तिवाद पुण्यातल्या कुठल्याही दुकानात गिऱ्हाइकानेसुद्धा ऐकून घेतला नसता.

पुण्यातील एका नागरिकाने तो ऐकून घेतला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२३मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती कमल खाता यांच्या खंडपीठाने आयोगाचे प्रमाणपत्र रद्द केले आणि ताबडतोब निवडणूक घ्यायला सांगितले. लोकप्रतिनिधी गेला तर त्याच्या जागी दुसरा आलाच पाहिजे, लोकांना प्रतिनिधीविना ठेवता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. जानेवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तोवर सार्वत्रिक निवडणूक दारात आली होती. निकाल आमच्या बाजूने लागला होता, जागा मात्र रिकामीच राहिली.

बापट यांच्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. कसबा पेठेतून ते पाच वेळा आमदार झाले आणि २०१९मध्ये लोकसभेवर गेले. फेब्रुवारी २०२३मध्ये कसब्याची पोटनिवडणूक होती. आमदार मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ रोजी गेल्या आणि २६ फेब्रुवारीला मतदान झाले, ६६ दिवसांत. त्या प्रचारात बापट चाकांच्या खुर्चीत बसून, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून आले होते. त्यांना त्या अवस्थेत आणावे का, यावर शहरात बराच वाद झाला. भाजपचा अनेक वर्षांचा हा बालेकिल्ला काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी जिंकला. कसबा हा पुणे लोकसभा मतदारसंघाच्या सहा भागांपैकी एक. जिथे एका भागासाठी ६६ दिवसांत पोटनिवडणूक होऊ शकली, त्याच मतदारसंघात सहाही भागांसाठी मिळून ती ४३३ दिवसांत होऊ शकली नाही.

कसब्याच्या निकालानंतर पुण्यात काय बोलले गेले, ते आपल्याही कानावर आले असेल. पोटनिवडणूक नको होती म्हणूनच ती झाली नाही, असे लोक उघड म्हणत. मी तो आरोप करत नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. पण ज्या अपवादात आयोगाने सरकारशी बोलायचे आणि अवघड या एका शब्दावर सही करायची, तो अपवाद संशयाला घर बांधून देतो. संशय खोटा असला तरी तो दूर करण्याचा मार्ग नागरिकाकडे उरत नाही.

त्या काळात पुणेकराची स्थिती आणखी एका कारणाने विचित्र होती. महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे मार्च २०२३नंतर आम्हाला नगरसेवक नव्हता आणि खासदारही नव्हता. मधला आमदार तेवढा उरला. विमानतळाचा प्रश्न, रेल्वेचा प्रश्न, लष्कराच्या जमिनीतून जाणाऱ्या रस्त्याचा प्रश्न, कटक मंडळाचा प्रश्न हे सगळे दिल्लीच्या अखत्यारीतले. ते लोकसभेत विचारणारा पुण्याचा माणूसच नव्हता. खासदार निधीचे वर्षाला पाच कोटी रुपये असतात. त्यातून नवी कामे सुचवायलाही कोणी नव्हते.

आणि त्या काळात सभागृहात काय काय घडले! ऑगस्ट २०२३मध्ये मणिपूरच्या प्रश्नावर अविश्वास ठराव आला. सप्टेंबरमध्ये नव्या इमारतीत कामकाज सुरू झाले आणि २० सप्टेंबरला महिला आरक्षणाचे विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. १८४८ साली भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी जिथे मुलींची शाळा काढली, त्या शहराचे मत या ४५६ मतांत नव्हते. डिसेंबरमध्ये भारतीय दंड संहितेच्या जागी नवे कायदे आले. विधेयकांचे भवितव्य एका मताने बदलले नसते, हे मान्य. पण बहुमत कितीही मोठे असले तरी प्रत्येक मतदारसंघाचे मत मोजायचे, हेच तर संसदेचे काम आहे.

आता जरा बाकीच्या जागा पाहू. साताऱ्याचे उदयनराजे भोसले यांनी १४ सप्टेंबर २०१९ रोजी राजीनामा दिला, तो आपणच स्वीकारलात. २१ ऑक्टोबरला पोटनिवडणूक झाली आणि श्रीनिवास पाटील निवडून आले. ३७ दिवस. बेळगावचे खासदार आणि केंद्रीय मंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० रोजी करोनाने गेले. तिथे १७ एप्रिल २०२१ रोजी मतदान झाले, २०६ दिवसांनी. त्या पोटनिवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीच्या तरुण उमेदवाराला लाखाहून अधिक मते पडली. प्रश्न सुटला नसला तरी सीमाभागातल्या मराठी मतदाराला तो मतपेटीतून मांडता तरी आला. दादरा-नगर हवेलीचे मोहन डेलकर २२ फेब्रुवारी २०२१ रोजी गेले. तिथे ३० ऑक्टोबरला, म्हणजे २५० दिवसांनी मतदान झाले आणि कलाबेन डेलकर शिवसेनेच्या तिकिटावर आल्या. या दोन जागा साथीच्या काळातल्या होत्या. तिथे अवघड या शब्दाला अर्थ होता. चंद्रपूरचे बाळू धानोरकर, महाराष्ट्रातून २०१९ला निवडून आलेले काँग्रेसचे एकमेव खासदार, ३० मे २०२३ रोजी गेले. मुदत वर्षापेक्षा दोन-अडीच आठवडे जास्त उरली होती. चंद्रपूरलाही पुण्यासारखेच थांबवले गेले.

साताऱ्याला ३७, जालंधरला ११६, बेळगावला २०६, दादरा-नगर हवेलीला २५०, पुण्याला निकालापर्यंत ४३३. एकाच कायद्याखाली, एकाच लोकसभेत हे आकडे आहेत. साताऱ्याचा मतदार पुण्याच्या मतदारापेक्षा दहा पटींहून अधिक तातडीचा होता, असे कोणी म्हणणार नाही.

भरण्यात इतका उशीर करणारी व्यवस्था रिकामे करताना मात्र किती चपळ असते, तेही याच लोकसभेत दिसले. ११ जानेवारी २०२३ रोजी लक्षद्वीपच्या फैजल यांना सत्र न्यायालयाने दोषी ठरवले. दोन दिवसांत सदस्यत्व गेले आणि आठवड्याभरात पोटनिवडणुकीची घोषणाही झाली. २५ जानेवारीला केरळ उच्च न्यायालयाने त्यांची दोषसिद्धी स्थगित केली, पण सदस्यत्व परत मिळायला मार्चअखेर उजाडली. राहुल गांधी यांना २३ मार्चला सुरतच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. दुसऱ्याच दिवशी वायनाडची जागा रिकामी झाली. दोन वर्षांची शिक्षा होताच सदस्यत्व जाते, हा २०१३पासूनचा कायदा आहे, त्याला आमचा आक्षेप नाही. आक्षेप इतकाच की काढताना दिवस मोजायचे आणि परत घेताना महिने, ही पद्धत न्यायाची वाटत नाही.

यात दोष सगळा दिल्लीच्या कार्यालयांचा नाही, पक्षांचाही आहे. डिसेंबर २०२३मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड आणि तेलंगणच्या विधानसभा निवडणुका संपताच दहाहून अधिक खासदारांनी लोकसभा सोडली. नरेंद्रसिंह तोमर आणि प्रल्हाद पटेल हे तर केंद्रात मंत्री होते. रेवंत रेड्डी तेलंगणचे मुख्यमंत्री झाले. मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असल्याने या जागा कायद्यानेच रिकाम्या राहिल्या. मतदाराने पाच वर्षांसाठी पाठवलेला माणूस पक्षाला मध्येच दुसरीकडे हवासा वाटतो, आणि ती पोकळी मतदाराने सोसायची. त्याच हिवाळी अधिवेशनात लोकसभेचे १०० सदस्य निलंबित झाले. गैरवर्तनाची शिक्षा सदस्याला होते, पण त्या दिवसांत त्याच्या मतदारसंघाचा आवाजही बंद होतो, याचा विचार निलंबनाचा ठराव मांडणाऱ्यांनी करायला हवा होता.

एक रिकामी जागा तर थेट आपल्या शेजारची आहे, उपाध्यक्षांची. संविधानाचे अनुच्छेद ९३ सांगते की लोकसभेने शक्य तितक्या लवकर दोन सदस्य निवडावेत, एक अध्यक्ष आणि एक उपाध्यक्ष. १७वी लोकसभा जून २०१९मध्ये बसली आणि जून २०२४मध्ये विसर्जित झाली. उपाध्यक्ष निवडला गेलाच नाही. पूर्ण मुदतीत एकदाही उपाध्यक्ष नाही, असे याआधी घडले नव्हते. १८व्या लोकसभेचे पहिले वर्षही तसेच सरले.

हे पद शोभेचे नाही. पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर फेब्रुवारी १९५६मध्ये पदावर असतानाच वारले, तेव्हा उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार यांनी सभागृह सांभाळले आणि पुढे तेच अध्यक्ष झाले. मार्च २००२मध्ये अध्यक्ष बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले, उपाध्यक्ष पी. एम. सईद यांनी कामकाज चालवले आणि मे महिन्यात मनोहर जोशी अध्यक्ष झाले. अनुच्छेद ९४प्रमाणे अध्यक्षांनी राजीनामा द्यायचा तो उपाध्यक्षांच्या नावे. सगळ्या सभागृहाचे राजीनामे स्वीकारणाऱ्या आपल्याला स्वतःचा द्यायची वेळ आलीच, तर तो पाच वर्षे कोणाच्या हाती दिला असता? ही जागा भरायला निवडणूक आयोग लागत नाही, मतदान केंद्रे लागत नाहीत, आचारसंहिता लागत नाही. निवडणुकीचा दिवस ठरवायचा, तोही आपल्याच अधिकारात.

मनात आणले तर हे सगळे वेळेत होते, हे १८व्या लोकसभेनेच दाखवले आहे. नांदेडचे खासदार वसंतराव चव्हाण २६ ऑगस्ट २०२४ रोजी गेले. २० नोव्हेंबरला, महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानासोबतच तिथली पोटनिवडणूक झाली. ८६ दिवस. चव्हाण यांचे पुत्र रवींद्र चव्हाण अवघ्या १,४५७ मतांनी निवडून आले. इतक्या थोड्या मतांचा हा निकाल सांगतो की पोटनिवडणूक हा उपचार नसतो. मतदाराचे मन मधल्या काळात बदललेले असू शकते, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आपल्याकडे चार मागण्या आहेत.

पहिली. प्रत्येक अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी दिवंगत सदस्यांना श्रद्धांजली वाहिली जाते. त्यानंतर त्याच दिवशी रिकाम्या मतदारसंघांची यादी सभागृहात वाचावी : जागा कोणती, कधीपासून रिकामी, आज किती दिवस झाले. याला कायदा बदलावा लागत नाही.

दुसरी. कलम १५१-अ मधील अवघड हा अपवाद नेमका करण्यासाठी सरकारला सूचना करावी. साथ, पूर, दंगल अशी कारणे कायद्यात लिहावीत. प्रमाणपत्र दिल्यास ते कारणांसह सात दिवसांत सभागृहाच्या पटलावर ठेवणे बंधनकारक करावे. मोठी निवडणूक जवळ आली आहे, हे कारण त्यात कधीही नसावे. आपल्या देशात कुठली ना कुठली निवडणूक नेहमीच जवळ असते.

तिसरी. मतदारसंघ रिकामा असेल तोवर तिथल्या नागरिकांच्या अर्जांसाठी लोकसभेच्या याचिका समितीने वेगळी खिडकी उघडावी. खासदाराची जागा ती भरू शकणार नाही, पण अर्ज कोणाकडे करायचा हे तरी लोकांना कळेल.

चौथी. उपाध्यक्षांची निवडणूक लावावी. दुसऱ्यांच्या रिकाम्या जागांबद्दल लोकसभेने बोलायचे, तर आधी स्वतःची जागा भरलेली असली पाहिजे.

यातली पहिली आणि चौथी मागणी सर्वस्वी आपल्या हातातली आहे. पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी त्या दोन्ही पूर्ण कराव्यात, ही पुण्याच्या मतदाराची विनंती.

कळावे.

आपला,
पुणे लोकसभा मतदारसंघातील एक मतदार